न धुतलेले केस आणि उत्तरेचं भगदाड : हिलरमनच्या नावाहो रहस्यकथा, कागदावर आणि पडद्यावर

डोंगराच्या कुशीत एक होगन. होगन म्हणजे अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींचं पारंपरिक एकखोली घर. दार नेहमी पूर्वेला. हे होगन ओस पडलंय आणि त्याच्या उत्तरेच्या भिंतीला भगदाड पाडलेलं आहे. रिवाज माहीत असलेल्याला एवढं पुरतं. आत मृत्यू झाला, प्रेत उत्तरेकडून काढलं, घर कायमचं सोडलं. कारण माणूस गेला की त्याच्यातलं जे वाईट ते ‘चिंडी’ होऊन तिथेच घुटमळतं. थोडं शोधल्यावर पोलिसांना प्रेतही सापडतं, जवळच, रीतीप्रमाणे ठेवलेलं. एफबीआयच्या माणसाच्या दृष्टीने फारसा प्रश्न उरत नाही. तरुण नावाहो पोलिस मात्र प्रेताच्या डोक्याकडे पाहत राहतो. केस धुळीने माखलेत. ज्या म्हाताऱ्याने बाकी सगळं नीट केलं त्याला युक्का या वाळवंटी झाडाच्या मुळांच्या फेसाने केस धुवायचे असतात हे ठाऊक नव्हतं? आणि मरणाऱ्याला आधीच घराबाहेर आणलं असेल तर घर बाटलंच नाही. मग धडधाकट भिंत फोडून, राहतं घर टाकून म्हातारा गेला कुठे आणि का?

अमेरिकन लेखक टोनी हिलरमनच्या ‘द घोस्टवे’ (१९८४) या कादंबरीतला हा प्रसंग. अठरा कादंबऱ्यांची मालिका कशाच्या जोरावर चालते ते यात आलं. कोणीतरी रिवाज मोडलेला असतो किंवा अर्धवट पाळलेला असतो, आणि तो तसा का, याचं उत्तर मिळालं की खुनाचं उत्तर मिळतं. मालिका घ्यावी ती यासाठी. पडद्यावर तिचं काय होतं, हा प्रश्नही इथूनच सुरू होतो, कारण कॅमेऱ्याला धुळीने माखलेले केस दाखवता येतात, पण ते धुतलेले असायला हवे होते हे दाखवता येत नाही.

रेल्वेची वेळापत्रकं, आतून कडी लावलेल्या खोल्या आणि विषाच्या मात्रा यांवर पोसलेला वाचक इथे सुगावा समोर असून ओलांडून जातो. पोलिस एखाद्या घरासमोर गाडी थांबवतो आणि आत बसून राहतो. घरातलं कोणी दारात येईपर्यंत उतरत नाही. हे वाळवंटाचं वर्णन लांबवणं नव्हे. यजमानाला सावरायला वेळ द्यायचा हा शिष्टाचार आहे, आणि जो थेट जाऊन दार ठोठावतो तो बाहेरचा. बोटाऐवजी ओठ पुढे करून दिशा दाखवणं, समोरच्याचं बोलून झालं असं वाटलं तरी क्षणभर थांबणं, मेलेल्याचं नाव न घेणं, होगनमध्ये शिरल्यावर सूर्याच्या दिशेने म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारखं फिरणं, या गोष्टी सुरुवातीच्या प्रकरणांत लक्षात ठेवल्या की शेवटी कामाला येतात. पैशाचंही तसंच. गरजेपेक्षा जास्त जमवलेला माणूस इथे संशयास्पद ठरतो, कारण त्याने नातेवाइकांकडे पाठ फिरवली असणार. सूड हा खुनाचा हेतू नावाहो पोलिसाच्या पचनी पडत नाही; वाईट वागणाऱ्यात ‘काळा वारा’ शिरलाय, त्याला बरं करायला हवं, असं त्याला शिकवलेलं असतं. ‘द डार्क विंड’ (१९८२) हे नाव त्यावरूनच.

आता जागा. नावाहो स्वतःला ‘दिने’ म्हणतात, म्हणजे लोक. त्यांची राखीव भूमी ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा अशा तीन राज्यांत पसरली आहे, क्षेत्रफळ सुमारे ७१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पावाला थोडं कमी. राजधानी विंडो रॉक. एवढ्या प्रदेशाला पोलिस शेकड्यांत मोजावे इतकेच, त्यामुळे कादंबऱ्यांत गाडी चालवणं हेच अर्धं काम असतं आणि मदत मागवली तर ती लवकर पोहोचत नाही. खुनाचा तपास त्या पोलिसांच्या हातात नसतो, हा दुसरा पेच. १८८५च्या मेजर क्राइम्स ॲक्टपासून राखीव भूमीवरचे खुनासारखे गुन्हे संघराज्य सरकारकडे, म्हणजे व्यवहारात एफबीआयकडे जातात. नावाहो पोलिसाच्या वाट्याला साक्षीदार शोधून आणणं, रस्ता दाखवणं आणि दुभाषेगिरी. ही व्यवस्था डोक्यात नसेल तर ‘हा सरळ जाऊन अटक का करत नाही’ असं दर प्रकरणाला वाटत राहतं. हिलरमन या पेचाचा फार चांगला उपयोग करतो. नायकाला भलत्याच किरकोळ कामावर पाठवलेलं असतं, पवनचक्कीची मोडतोड कोण करतंय ते बघ म्हणून, आणि खून त्याच्या वाटेत आडवा येतो.

‘लिसनिंग वुमन’ (१९७८) हे या पद्धतीचं सर्वांत नेटकं उदाहरण. आंधळी निदानकर्ती मार्गारेट सिगरेट एका आजारी म्हाताऱ्याला काय झालंय ते ऐकायला बसलेली असते. ऐकण्यासाठी ती जरा दूर जाऊन खडकाला डोकं टेकते. परत येते तोवर म्हातारा आणि तिची भाची दोघंही मारली गेलेली असतात. एफबीआयने तिची जबानी घेतलीय, तीही व्यवस्थित. नावाहो पोलिसांतला लेफ्टनंट लीपहॉर्न, मालिकेच्या दोन नायकांतला एक, ती काळजीपूर्वक वाचतो आणि त्याचं लक्ष न विचारलेल्या प्रश्नांवर अडतं. म्हातारा वाळूची चित्रं बिघडल्याबद्दल काही बोलला होता. चित्रं, अनेकवचन. रंगीत वाळू चिमटीतून सोडत जमिनीवर काढायची ही चित्रं दिसायला आपल्या रांगोळीच्या जवळची वाटतील, पण ती विधीचा भाग असतात, एका वेळी एकच काढायची आणि काम झालं की मोडून टाकायची. मग एकाच जागी अनेक चित्रं आली कुठून? गोऱ्या अधिकाऱ्याला या अनेकवचनात खटकण्यासारखं काहीच नव्हतं. वाचकालाही नसतं, आणि तिथेच तो सापडतो.

लेखक नावाहो नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. हिलरमनचा जन्म १९२५चा, ओक्लाहोमातला. पोटावाटोमी मुलींसाठी चालवलेल्या शाळेत तो शिकला. दुसऱ्या महायुद्धात जखमी झाला, १९४५ साली रजेवर असताना ट्रक चालवण्याच्या कामावर नावाहो भूमीत गेला आणि युद्धावरून परतलेल्या तरुणांसाठी चाललेला ‘एनिमी वे’ हा शुद्धीविधी त्याने पाहिला. पुढे सांता फेच्या दैनिकाचा संपादक, मग न्यू मेक्सिको विद्यापीठात पत्रकारितेचा प्राध्यापक. गद्यात बातमीदाराचा हात दिसतो: छोटी वाक्यं, हवामान नेमकं, उपमा मोजून. ऑस्ट्रेलियातला आर्थर अपफिल्ड आणि त्याचा मिश्रवंशीय गुप्तहेर बोनी यांचं ऋण तो उघड मान्य करायचा. पहिलं हस्तलिखित वाचून त्याच्या एजंटने ‘त्यातलं ते इंडियन प्रकरण काढून टाक’ असा सल्ला दिला होता. त्याने ऐकलं नाही.

तरीसुद्धा ते पहिलं पुस्तक, ‘द ब्लेसिंग वे’ (१९७०), हातात पहिलं घेऊ नये. मालिका म्हटलं की क्रमाने सुरू करायची सवय इथे नडते. त्यात खरा नायक एक मानववंशशास्त्रज्ञ आहे, लीपहॉर्न कडेकडेने वावरतो आणि उत्तरार्ध पाठलागाच्या चित्रपटासारखा धावतो. पन्नास पानांत कंटाळून ‘यात काय एवढं’ म्हणत पुस्तक ठेवणारे बहुतेक इथेच ठेवतात. सुरुवात ‘डान्स हॉल ऑफ द डेड’पासून (१९७३) करावी. नावाहोंच्या शेजारच्या झुनी आदिवासींच्या शालाको उत्सवात अग्निदेवाचं सोंग घ्यायला निवडलेला झुनी मुलगा बेपत्ता, मागे रक्त सांडलेलं, आणि त्याचा नावाहो मित्र पळालेला. लीपहॉर्न स्वतः इथे परका आहे, झुनी धर्मात त्याला गती नाही, त्यामुळे त्याला जे समजावून घ्यावं लागतं ते आपोआप वाचकालाही समजतं. १९७४चा एडगर हा अमेरिकेतला रहस्यकथांचा पुरस्कार याच पुस्तकाला.

पुढचा टप्पा ‘पीपल ऑफ डार्कनेस’ (१९८०), कारण इथे दुसरा नायक येतो. त्याचं आडनाव ची. देवनागरीत लिहिलं की हे आडनाव षष्ठीचा प्रत्यय सुटून पडल्यासारखं दिसतं, आणि ‘जिम चीची गाडी’ लिहायची वेळ आली की हात थांबतो. म्हणून इथे तो नुसता जिम. लीपहॉर्न मध्यमवयीन, मानववंशशास्त्र शिकलेला, चेटूकबिटूक न मानणारा, योगायोगावर विश्वास न ठेवणारा. जिम तरुण, मामाकडे ‘हातालि’ म्हणजे मंत्रगायक वैद्य होण्याचे धडे घेणारा. पाठांतर लांबलचक, ‘नाइट चँट’सारखा विधी नऊ रात्री चालतो आणि शब्द चुकला तर गुण येत नाही. पोलिसाची नोकरी करत हे कधी पुरं होणार, हा त्याच्या सगळ्या पुस्तकांचा खालून वाहणारा प्रश्न. दोघं एकत्र येतात ते ‘स्किनवॉकर्स’मध्ये (१९८६). त्याची सुरुवात आवर्जून सावकाश वाचावी: रात्री जिमच्या पत्र्याच्या ट्रेलरमध्ये भटकी मांजर घाबरून आत घुसते, तिने हे का केलं म्हणून तो अंथरुणातून उठतो, आणि तेवढ्यात पातळ पत्र्यातून बंदुकीचे बार त्याच्या रिकाम्या बिछान्यावर येतात.

यानंतर ‘अ थीफ ऑफ टाइम’ (१९८८). मालिकेतलं एकच वाचायचं असेल तर हे. चाको खोऱ्यातल्या प्राचीन मडक्यांवर काम करणारी संशोधिका नाहीशी झालीय. तिला नक्षीवरून हजारभर वर्षांपूर्वीच्या एका विशिष्ट कुंभारणीचा हात ओळखता येऊ लागला होता. दुसऱ्या बाजूला अवशेष उकरून विकणारे मडकेचोर. नुसतं हे एकच वाचायचं नसेल, तर ‘स्किनवॉकर्स’ आधी आणि हे नंतर, हा क्रम पाळाच. लीपहॉर्नच्या बायकोचं, एमाचं, दुखणं पहिल्या पुस्तकात उभं राहतं आणि त्याचं पुढे काय झालं ते दुसऱ्याच्या सुरुवातीलाच कळतं. उलट वाचलं तर ‘स्किनवॉकर्स’मधला अर्धा ताण वाया जातो.

‘टॉकिंग गॉड’ची (१९८९) सुरुवात भन्नाट आहे. वस्तुसंग्रहालयाच्या वकीलबाईंच्या टेबलावर एक खोकं येतं. आदिवासींच्या पूर्वजांची हाडं परत द्यायला संग्रहालय नकार देतं म्हणून कोणीतरी बाईंच्याच आजी-आजोबांची हाडं उकरून पाठवलेली असतात. पुढे कथा वॉशिंग्टनला जाते आणि दोन्ही पोलिसांच्या पायाखालची वाळू जाते, लेखकाच्याही. ‘सेक्रेड क्लाउन्स’मध्ये (१९९३) तपासापेक्षा जिमचं लग्नाचं कोडं रंगतं. नावाहो माणूस आईच्या कुळात जन्मतो आणि बापाच्या कुळासाठी जन्मतो. दोन्ही कुळं आणि त्यांच्याशी जोडलेली कुळं सोयरिकीला वर्ज्य. आवडलेल्या मुलीचं कुळ कुठे जुळत तर नाही ना, या धास्तीने म्हाताऱ्यांना विचारत फिरणारा जिम सगोत्र आणि देवक यांच्या चर्चा ऐकत वाढलेल्या वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही.

‘द फॉलन मॅन’मध्ये (१९९६) सांगाडा सापडतो तो शिपरॉकवर, सपाटीतून सुमारे ४८० मीटर सरळ उठलेल्या ज्वालामुखी खडकावर, नावाहोंच्या ‘पंख असलेल्या खडका’वर. ‘द फर्स्ट ईगल’ (१९९८) प्लेगबद्दल आहे. प्लेग म्हटलं की आपण १८९७च्या पुण्यात जातो; पण हाँगकाँगहून १८९६ साली मुंबईत उतरलेली तीच साथ १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली, तिथून रानातल्या उंदीर-खारींत शिरली आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आजही त्यांच्या पिसवांत टिकून आहे. कादंबरीतली बेपत्ता संशोधिका त्याच पिसवा गोळा करत असते. २००० नंतरची पुस्तकं मात्र उतरत गेली. ‘द सिनिस्टर पिग’ (२००३) मेक्सिकोच्या सीमेवर भरकटतं. ‘स्केलेटन मॅन’ (२००४) १९५६च्या ग्रँड कॅन्यनवरच्या विमान अपघातातून सुरू होतं आणि हिऱ्यांच्या मागे लागून विरून जातं. माणसांवर जीव जडला असेल तरच ती वाचावीत. नव्या वाचकाला ती देऊ नयेत.

वाचताना नकाशा हवाच. लीपहॉर्नच्या कचेरीच्या भिंतीवर मोटार क्लबचा ‘इंडियन कंट्री’ नकाशा असतो, त्यावर रंगीत टाचण्या. हा नकाशा खराखुरा आहे आणि हिलरमनचे वाचक तो मुद्दाम मिळवतात. फोनवरच्या नकाशानेही भागतं, फक्त दोन ठिकाणी फसगत होते. जुन्या पुस्तकांतला ६६६ क्रमांकाचा महामार्ग आता सापडणार नाही. २००३ साली त्याचा क्रमांक ४९१ केला. आणि काही दुकानं, दवाखाने, ओढे लेखकाने कथेच्या सोयीने रचलेले किंवा हलवलेले आहेत, ते शोधत बसू नये. ‘अनासाझी’ हा पुस्तकांत सतत येणारा शब्दही आता मागे पडलाय. झुनींसारख्या प्वेब्लो लोकांना त्यांच्या पूर्वजांसाठी हा नावाहो शब्द नको आहे, कारण त्यात ‘शत्रू’ दडलेला आहे. नावं कानावर पडावीत म्हणून एखादं पुस्तक जॉर्ज गिडॉलच्या आवाजात ऐकलं तर पुढचं वाचन सोपं जातं. त्याचा वेग सावकाश आहे, आणि या गद्याला तोच शोभतो.

बाहेरच्या माणसाने आतले विधी छापावेत का, हा वाद जुना आहे आणि संपलेला नाही. १९८७ साली नावाहो राष्ट्राने हिलरमनचा ‘दिनेंचा खास मित्र’ म्हणून सन्मान केला, तो त्याला एडगरपेक्षा मोलाचा वाटे. दुसरीकडे, चेटूक, प्रेतं आणि विधी यांवर रहस्य उभारणं अनेक दिने वाचकांना रुचत नाही. ज्या गोष्टी मोठ्याने बोलू नयेत त्यांचा हा बाजार, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही खरं मानून वाचता येतं. पुस्तकांमधला विधीचा तपशील माहितीपत्रक समजू नये, एवढं पथ्य पाळावं.

हिलरमन २००८ साली गेला. २०१३पासून त्याची मुलगी ॲन मालिका पुढे नेते आहे. तिची पहिली कादंबरी ‘स्पायडर वुमन्स डॉटर’. तिने बर्नाडेट मॅन्युएलिटो या पोलिस अधिकाऱ्याला मध्यभागी आणलं आणि वडिलांच्या पुस्तकांत बायका बहुधा बायको, प्रेयसी किंवा बळी होत्या, ती कसर भरून काढली. कोडी वडिलांच्या मानाने सैल, घरगुती धागे घट्ट. वडिलांची निदान पाचसहा पुस्तकं झाल्यावरच तिच्याकडे जावं, नाहीतर जुन्या पात्रांची भेट ही नुसती नावांची यादी वाटते.

पडद्यावरचे अवतार तीन. पहिला ‘द डार्क विंड’ हा १९९१चा चित्रपट, दिग्दर्शक एरॉल मॉरिस, निर्मात्यांत रॉबर्ट रेडफर्ड. माहितीपटांचा मोठा दिग्दर्शक, पहिलाच कथापट, शेवटपर्यंत त्याच्या हातात राहिलाही नाही, आणि अमेरिकेत तो थिएटर चुकवून थेट व्हिडिओवर आला. यात लू डायमंड फिलिप्स जिम आहे. कादंबरीत जिमच्या मनात जे चालतं ते इथे त्याच्या तोंडून निवेदनात येतं, आणि तरी पाणी कुठे मुरतंय ते कळत नाही. कादंबरीत नसलेला लीपहॉर्नही आणून बसवलाय. पूर्ण संग्रह करणाऱ्यांपुरता.

दुसरा अवतार पीबीएस वाहिनीचा: ‘स्किनवॉकर्स’ (२००२), ‘कोयोटी वेट्स’ (२००३), ‘अ थीफ ऑफ टाइम’ (२००४). पहिला आणि तिसरा दिग्दर्शित केला क्रिस एअर या शायेन-अरापाहो दिग्दर्शकाने. लीपहॉर्न वेस स्टुडी, जिम ॲडम बीच. प्रत्येक साधारण दीड तासाचा, बजेट बेताचं आणि ते दिसतं. पण स्टुडीचा चेहरा हा स्वतंत्र ऐवज आहे. प्रश्न विचारून तो गप्प बसतो ना, तेव्हा पुस्तकातली ती थांबण्याची रीत प्रथमच डोळ्यांना दिसते. चित्रपटांतला लीपहॉर्न शहरात पोलिसी करून परतलेला, रिवाजांत कच्चा, म्हणजे जिमने त्याला, आणि पर्यायाने प्रेक्षकाला, समजावून सांगायची सोय. चतुर तोड आहे, पण तिची किंमत तिसऱ्या चित्रपटात मोजावी लागते. कादंबरीत लीपहॉर्न ज्या मनःस्थितीत त्या बेपत्ता बाईच्या मागे लागतो ती मनःस्थितीच इथे नाही, त्यामुळे उरतो तो नुसता मडकेचोरांचा तपास. ‘स्किनवॉकर्स’ शोधताना २००६चा त्याच नावाचा लांडगेमाणसांचा भयपट गळ्यात पडण्याची शक्यता असते. वेस स्टुडीचं नाव बघूनच चालू करावा.

तिसरा अवतार एएमसी वाहिनीची ‘डार्क विंड्स’ ही मालिका, २०२२पासून. (शेवटचा ‘स’ विसरला की १९९१चा चित्रपट पुढ्यात येतो.) पहिली दोन पर्वं सहा-सहा भागांची, २०२५चं तिसरं आठ भागांचं. काळ १९७०च्या दशकाचा. लीपहॉर्न झान मॅक्लार्नन, जिम कायोवा गॉर्डन, बर्नाडेट जेसिका मॅटन, एमा डिॲना ॲलिसन. पुस्तकांमध्ये १९९६ साली येणारी बर्नाडेट इथे पहिल्या भागापासून आहे आणि ते बरंच झालं. पहिल्या पर्वाचा पाया ‘लिसनिंग वुमन’, दुसऱ्याचा ‘पीपल ऑफ डार्कनेस’, तिसऱ्याचा ‘डान्स हॉल ऑफ द डेड’ आणि थोडं ‘द सिनिस्टर पिग’. त्या उतरत्या पुस्तकातला सीमेवरचा धागा मालिकेने लेखकापेक्षा बरा हाताळलाय. चौथ्याचा आधार ‘द घोस्टवे’.

आधार म्हणजे नावं आणि सुरुवात, एवढंच समजा. ‘लिसनिंग वुमन’मधला उघड्यावरचा खून मालिकेत मोटेलच्या खोलीत होतो. जिम एफबीआयने गुपचूप पाठवलेला माणूस म्हणून दाखल होतो. पुस्तकात त्याला एफबीआयचं बोलावणं असतं आणि जावं की नाही यातच तो घुटमळतो. सर्वांत मोठा बदल म्हणजे लीपहॉर्नला एक मुलगा दिलाय, स्फोटात मेलेला, आणि पहिली दोन्ही पर्वं त्या दुःखाच्या खुंटीला बांधलीत. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी लीपहॉर्न जे करतो ते पुस्तकातला लीपहॉर्न जन्मात करणार नाही. काळ्या वाऱ्याची आणि बरं करण्याची सगळी शिकवणच तो तिथे बाजूला ठेवतो. कोड्यासाठी बसलेला प्रेक्षक इथे चिडतो. तपास बऱ्याचदा मारामारीने सुटतो, सुगाव्याने नाही.

मग पाहायची कशासाठी? मॅक्लार्नन आणि ॲलिसन यांच्या घरातल्या प्रसंगांसाठी. कादंबऱ्यांत एमा बहुतेक नवऱ्याच्या आठवणीत राहते. इथे ती दवाखान्यात काम करते, गर्भवती मुलींना डॉक्टरांपासून सावध करते. संमती न घेता किंवा फसवून केलेल्या नसबंदीचा तो इतिहास खरा आहे: १९७६च्या सरकारी अहवालात आदिवासी आरोग्यसेवेच्या चारच विभागांत, १९७३ ते १९७६ या काळात, ३,४०६ नसबंद्यांची नोंद आहे. हिलरमनने याला हात घातला नव्हता. तिसऱ्या पर्वातला सहावा भाग, जखमी लीपहॉर्नच्या भ्रमात बालपण आणि राक्षस मारणाऱ्या वीरांची कथा एकमेकांत मिसळतात तो, या सगळ्या रूपांतरांतला सर्वांत धाडसी तास. लेखकाच्या कुठल्याच पानावर तो नाही, आणि तरी त्याच्या जगातला वाटतो.

भाषेचं मात्र गालबोट आहे. मालिकेत नावाहो संवाद पुष्कळ, पण मुख्य तिघं नट नावाहो नाहीत: मॅक्लार्नन लकोटा, गॉर्डन हुआलपाई, मॅटन मेटी-क्री. नावाहोत स्वर चढा की उतरता, ऱ्हस्व की दीर्घ, अनुनासिक की नाही, यावर अर्थ फिरतो. पहिल्या पर्वातले उच्चार ऐकून दिने प्रेक्षकांनी हसावं की रडावं अशी तक्रार केली. ॲलिसन स्वतः दिने आहे. बोलण्यातला फरक भाषा न येणाऱ्यालाही जाणवतो. उपशीर्षकं चालूच ठेवावीत, इंग्रजी समजत असलं तरी.

क्रम लावायचा तर असा: आधी ‘डान्स हॉल ऑफ द डेड’, ‘लिसनिंग वुमन’, ‘पीपल ऑफ डार्कनेस’ ही तीन पुस्तकं, मग मालिकेची तीन पर्वं. पुस्तकं दोन-अडीचशे पानांची आहेत, फार वेळ खात नाहीत. आधी मालिका पाहून पुस्तक घेतलं तर मेलेला मुलगा आणि बर्नाडेट पानोपानी शोधली जातात आणि पुस्तक उगाच कोरडं वाटतं. उलट क्रमात दोन्ही आपापल्या जागी बसतात, कारण बदल इतका मोठा आहे की रहस्य फुटण्याची भीती जवळपास नाही. पीबीएसच्या चित्रपटांना हा नियम लागू नाही. ते कथानकाच्या जवळ राहतात, तेव्हा ‘स्किनवॉकर्स’ आणि ‘अ थीफ ऑफ टाइम’ वाचून संपेपर्यंत त्यांना हात लावू नये. चौथं पर्व सुरू करण्याआधी ‘द घोस्टवे’ही वाचून टाकावं, आणि भगदाडाचं प्रकरण आलं की पुस्तक मिटून ठेवून पाच मिनिटं डोकं खाजवावं. त्या म्हाताऱ्याने केस का धुतले नाहीत, हे ओळखायला लागणारं सगळं तोवर सांगून झालेलं असतं.